हिंगण्याहून केडगावला

कर्वेनगरात सकाळचा रस्ता मुलींचा असतो. तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवरून निघालेल्या, खांद्याला ड्रॉइंगची नळकांडी अडकवलेल्या, टपरीवर उभ्याउभ्या चहात क्रीमरोल बुडवणाऱ्या. कुणी कमिन्स कॉलेजची, कुणी आर्किटेक्चरची, कुणी नर्सिंगची. वनदेवीच्या टेकडीवरून खाली पाहिलं तर इमारतींच्या दाटीत महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारातली झाडं तेवढी वेगळी दिसतात. हे सगळं मूळचं हिंगणे बुद्रुक. प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या माळावर अण्णासाहेब कर्वे यांनी विधवांसाठी एक झोपडी उभारली आणि पुण्यातलं शिकवणं संपवून ते रोज चिखल तुडवत इथे चालत येत राहिले. ही गोष्ट आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असते.

त्या गोष्टीचा एक धागा मात्र कर्वेनगरात कुणी फारसं सांगत नाही. अण्णांच्या पत्नी बाया, म्हणजे देवरुखच्या गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी विधवा झालेल्या. त्यांच्या भावाने, नरहरपंतांनी, त्यांना मुंबईला आणून शारदासदनात घातलं. ११ मार्च १८८९ रोजी उघडलेल्या त्या सदनातल्या गोदूबाई या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढे चार वर्षांनी अण्णांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी अण्णांना वाळीत टाकलं. बाया शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या. पण ज्या सदनात त्या अक्षरं शिकल्या, ताठ बसायला शिकल्या, ते चालवणारी बाई ख्रिस्ती होती. पंडिता रमाबाई. हिंगण्याची मुळं शोधत गेलं तर एक मूळ पुणे–दौंड रेल्वेच्या कडेला, केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनपाशी जाऊन पोचतं.

मी स्वतः ख्रिस्ती. माहेर नगरचं, लग्नानंतर कर्वेनगरात आले. २०२१ च्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ कोरोनाने गेला. दफनाला आम्ही मोजकी माणसं आणि पांढऱ्या किटमध्ये ओळखूही न येणारे पाळकसाहेब. घरी परतलो तर दाराशी स्टीलचा डबा ठेवलेला होता. शेजारच्या जोशीकाकूंनी पिठलं-भात करून ठेवला होता. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण द्यायचं, ही त्यांची रीत. आमच्यात ती तशी नाही. आमच्यात सांत्वनाची प्रार्थना असते, बायबलमधले वेचे वाचतात, गीतं म्हणतात. मंडळीतल्या लोकांनी फोनवरून तेही केलं. सगळे चांगल्या मनाने सांगत होते, की ही देवाची योजना आहे, प्रभू आपल्या लाडक्यांना लवकर बोलावतो. मी ‘आमेन’ म्हणायचे आणि फोन ठेवला की गप्प बसून राहायचे. विश्वास सुटला नव्हता. पण प्रार्थनेला बसलं की पहिल्या वाक्यापुढे काही सुचत नसे.

माझ्या आजीच्या तोंडी रमाबाईंचं नाव असायचं. पाऊस लांबला, घरात पैसा नसला, कुणी आजारी पडलं, की ती म्हणायची, ‘बाईंचं आठवा.’ बाईंचं नेमकं काय आठवायचं, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते विचारायला म्हणून मी निघाले.

थेट केडगावला न जाता आधी गुरुवार पेठेत गेले, पंचहौदला. कर्वे रस्त्यावरून डेक्कन, तिथून लक्ष्मी रस्ता ओलांडून पेठांत शिरलं की पुणं एकदम अरुंद होतं. कर्वेनगरातल्या सोसायट्यांच्या दारावर रखवालदार नाव-गाव लिहून घेतो, इथे वाड्याच्या ओट्यावर बसलेली बाई नुसती नजरेने चौकशी करते आणि तीही पुरी असते. पवित्र नाम देवालय १८८५ सालचं. दगड-विटांची भव्य वास्तू, शेजारी वेगळा उभा घंटेचा मनोरा. नाताळ नुकताच होऊन गेला होता. गल्लीतल्या घरांवर कागदी तारे अजून लटकत होते आणि एका खिडकीत तारा आणि तुळशीची कुंडी एकाच लोखंडी जाळीत होती.

पंचहौद म्हटलं की पुणेकरांना चहा आठवतो. १८९० मध्ये मिशनऱ्यांच्या बोलावण्यावरून शहरातली मोठी माणसं इथे जमली, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. मग गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एवढ्या तोलामोलाच्या माणसाला पेलाभर चहासाठी प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तर त्याच शहरात त्याच काळात बाप्तिस्मा घेतलेल्या एका ब्राह्मण विधवेला काय काय सोसावं लागलं असेल, याचा अंदाज त्या चहावरून करावा.

रमाबाई पुण्यात आल्या १८८२ मध्ये, कडेवर वर्षाची लेक मनोरमा. चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या वाट्याला आलेले मृत्यू एका ओळीत मांडले तरी जीव घाबरतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून गावाशी वितुष्ट घेतलं. पुढे सगळं कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी फिरत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत कलकत्त्याला पोचले, तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. पंचहौदला काम करणाऱ्या वाँटेजच्या सिस्टरांची ओळख इथलीच. त्यांच्या मदतीने १८८३ मध्ये त्या विलायतेला गेल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजमध्ये रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मी देवालयात शेवटच्या बाकावर बसून हा क्रम मनात पुन्हा लावत होते. सुखाच्या शोधात ख्रिस्ताकडे आलेल्या बाईचा हा क्रम नव्हे. ज्याला गमावण्यासारखं फार उरलेलं नाही अशा माणसाने, पूर्ण शुद्धीत, उरलेलंही डावावर लावलं होतं. आणि बाप्तिस्म्यानंतरही त्या कुणाच्या हातातलं बाहुलं झाल्या नाहीत. विलायतेत त्या शाकाहारीच राहिल्या, लुगडंच नेसल्या, आणि चर्चच्या शिकवणीतली जी गोष्ट पटली नाही तिच्यावर वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून रोखठोक वाद घातले. आमच्यातल्या पुष्कळांना वाटतं की विश्वास म्हणजे प्रश्न न विचारणं. रमाबाईंचा विश्वास प्रश्न विचारत विचारतच पक्का झाला.

रविवारी सकाळी दौंडची गाडी धरली. हडपसर, मांजरी, लोणी. शहर सुटता सुटत नाही. गोदामं, वेअरहाऊस, ‘प्लॉट विकणे आहे’चे फलक. उरुळी गेली की मात्र दोन्ही बाजूंना ऊस लागतो. कर्वेनगराच्या कडेने वाहणारी आमची मुठा संगमावर मुळेला मिळते आणि पुढे याच भागातून रांजणगाव सांडसला भीमेकडे जाते. आमच्या घरांतलं सांडपाणीही तिच्याबरोबर इथवर येतं, हे इथले शेतकरी रोज पाहतात. राजाराम पुलावरून गाड्या हाकणारे आम्ही ते सहज विसरतो.

डब्यात समोर बसलेल्या बाईंनी हरभऱ्याची गड्डी सोलायला घेतली होती. पहिली मूठ माझ्या हातात देऊन मगच त्यांनी विचारलं, ‘कुठं उतरायचं, ताई?’

‘केडगावला.’

‘कुणाकडं?’

कर्वेनगरात आमच्या लिफ्टमध्ये वर्षानुवर्षं भेटणारी माणसं असं विचारत नाहीत. इथे ‘कुणाकडं’ हा प्रश्न चौकशीचा नसतो. आपल्यावर कुणाची जबाबदारी आहे ते पाहून घेण्याचा असतो. मी म्हटलं, ‘मिशनमध्ये.’

‘मुक्तीत व्हय. कुणी हाय का तिथं तुमचं?’

नाही म्हटल्यावर त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘असू द्या. तिथं कुणाचं कुणी नसतंयच. तरी सगळ्या राहत्यात की.’

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

रमाबाई या गावाकडे वळल्या त्याला पोटापाण्याचं कारण होतं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने शारदासदनाला दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं होतं, त्यापुढचं कोण पाहणार? म्हणून फळबागेसाठी त्यांनी रेल्वेच्या कडेची ही जमीन घेतली. पण पैशापेक्षा मोठा घाव त्याआधी बसला होता. सदन मुंबईहून पुण्याला आलं आणि १८९३ मध्ये गाजावाजा झाला की इथे मुलींना बाटवतात. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थनेला बसत तेव्हा दार लावून घेत नसत आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालक येऊन मुलींना घेऊन गेले. मला त्या पालकांचा राग येत नाही. सासरहून, गावाहून लपतछपत मुलगी शिकायला पाठवलेल्या त्या लोकांना अजून एक बदनामी झेपणारी नव्हती. रानड्यांचीही कोंडी मी समजू शकते. पण दार लावून घ्यायला रमाबाईंनी नकार दिला, हेही मला समजतं. ज्या श्रद्धेपायी इतकं सोसलं ती चोरून पाळायची, हे त्यांच्याने झालं नसतं.

केडगाव स्टेशनाबाहेर कांद्याचा वास आणि गुळाच्या चहाची पाटी. बाजाराची गर्दी. चहावाल्याने विचारल्याशिवायच मिशनचा रस्ता दाखवला, कारण रविवारी नवखं माणूस त्या वेळी उतरलं की ते मुक्तीलाच जाणार हे त्याला ठाऊक. वाटेत एका गुऱ्हाळावर चुलवण पेटलं होतं. कढईतला रस उतू जायला लागला की एक पोरगा झाऱ्याने मळी काढत होता. धूर, ओल्या चिपाडाचा वास आणि कोवळं ऊन. पुण्यातल्या सुपरमार्केटात ‘सेंद्रिय’ म्हणून जो गूळ आम्ही दुप्पट भावाने घेतो, तो बहुधा असाच कुठेतरी बनलेला असतो.

मुक्तीचं आवार झाडांनी भरलेलं, दगडी बांधकामाचं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. त्या कुठल्या अनुभवातून त्या मुलींकडे पाहत होत्या, हे लक्षात घेतलं पाहिजे. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच रस्त्यावर आई-वडिलांना मूठमाती देऊन उपाशी चालल्या होत्या. पुण्यात प्लेग शिरला आणि या मुलींना शहरात ठेवणं शक्य राहिलं नाही, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या. हिंगण्याचं मूळ प्लेगमध्ये आणि मुक्तीचंही. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथे सुमारे दोन हजार बायका-मुली राहत होत्या. विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, तेलाचा घाणा चालवला, छापखाना काढला. अंधांसाठी बार्तीमय सदन, फसवलेल्या बायकांसाठी कृपासदन, म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीतिसदन. आंधळ्या मुलींसाठी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने ते इथे शिकवलं.

१९०५ साली इथे जे आत्मिक जागरण झालं त्याचा बोलबाला जगभरच्या चर्चमध्ये आहे. परदेशांतली माणसं अजून त्यासाठी इथे येतात. मला मात्र त्या रात्रींपेक्षा त्यांच्यानंतरचे दिवस जास्त पाहायचे होते. जागरण ओसरल्यावर पहाटे उठून दोन हजार माणसांची भाकरी थापायची असतेच की.

उपासनेची घंटा झाली. पुण्यातल्या आमच्या चर्चमध्ये बाकं आहेत, पडद्यावर गाण्याचे शब्द दिसतात, कोयरला चार माइक लागतात, उपासना लांबली तर पार्किंगची काळजी वाटू लागते. इथे चपला बाहेर काढून आत गेले आणि बायकांच्या ओळीत जमिनीवर बसले. पेटी आणि तबला. पुढच्या ओळींत लहान मुली, वेण्यांना रिबिनी, एकीची मांडी दुसरीला टेकलेली. जमिनीवर बसलं की शेजारणीचा खांदा लागतो, तिचा श्वास कळतो. गीत सुरू झालं, सगळ्या गायल्या. मी पुस्तक उघडून बसले, गायले नाही. माझ्या डाव्या बाजूला सत्तरीपुढची एक मावशी होत्या, डोक्यावर पदर, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा गायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि उपदेश संपेपर्यंत तिथेच राहिला. त्यांनी काही विचारलं नाही.

जेवायला त्यांनीच थांबवून घेतलं. ‘जय ख्रिस्त’ म्हणून हात जोडले आणि लगेच, ‘उपाशी जाऊ नको गं. पिठलं आहे.’ ज्वारीची भाकरी, पिठलं, लाल मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा आणि वाटीत काकवी. जेवणाआधीची प्रार्थना त्यांनी इतकी थोडक्यात केली की मी डोळे मिटेपर्यंत ती संपली होती. आमच्याकडे पाहुण्यांसमोर प्रार्थना लांबते आणि भाजी निवते. मी तसं म्हटलं तर मावशी म्हणाल्या, ‘देवाला ठाऊक असतं भाकरी गरम आहे ते.’

जेवणानंतर त्या परातीत तांदूळ निवडायला बसल्या, मीही बसले. मावशी तान्ह्या असताना इथे आल्या. इथेच वाढल्या, लग्न होऊन बाहेर गेल्या, नवरा वारला तेव्हा मुलाला घेऊन परत आल्या. मुलगा शिकला, नोकरीला लागला आणि अपघातात गेला. हे सगळं त्यांनी खडे वेचता वेचता, आवाज न बदलता सांगितलं. मग मी माझ्या भावाचं सांगितलं. प्रार्थना अडते, तेही सांगितलं.

‘मी तर अबोला धरला होता देवाशी,’ त्या म्हणाल्या. ‘वर्ष होऊन गेलं तरी बोलले नाही.’

‘उपासनेला येत नव्हतात?’

‘येत होते की. जाणार कुठं? सगळ्या गायच्या, मी तोंड मिटून बसायची. पण कुणी मला बोललं नाही हां. पाळकसाहेब नाहीत, आमची आक्का नाही. आक्का नुसती येऊन शेजारी बसायची. एकदा गाणं चाललं होतं आणि माझ्या तोंडातनं सूर निघाला. का निघाला ते नाही सांगता यायचं मला.’

‘मग देवाने उत्तर दिलं? मुलाचं?’

त्यांनी एक खडा चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि बाजूला टाकला. ‘नाही दिलं अजून. भेटेल तेव्हा विचारीन. मी काही विसरणार नाही.’

बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. पोरंबाळं, गुरंढोरं, तब्येत सगळं गेल्यावर तीन मित्र त्याला भेटायला येतात. त्याची दशा पाहून ते सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात, कुणी अक्षर बोलत नाही. लहानपणापासून मी ही कथा ऐकत आले आणि दरवेळी प्रवचन व्हायचं ते पुढच्या भागावर, मित्रांच्या लांबलचक युक्तिवादांवर आणि देवाच्या उत्तरावर. केडगावात परातीपाशी बसले असताना मला ते सात दिवस आठवले. मित्र बोलायला लागले आणि सगळं बिनसलं. तोवर ते योग्यच करत होते. आक्का तेच करत होती. मावशींचा माझ्या गुडघ्यावरचा हातही तेच करत होता, आणि जोशीकाकूंचा पिठलं-भाताचा डबाही. काकूंनी तर कुठलं शास्त्र वाचलेलं नव्हतं. दुःखात श्रद्धा टिकवायची म्हणजे एकट्याने दात-ओठ खाऊन तग धरायचा, अशी माझी समजूत होती. मुक्तीतल्या बायकांकडे पाहून वाटलं, एकट्याच्या बळावर ती टिकतच नसावी. आज माझ्या तोंडून सूर निघत नसेल तर शेजारची गाते. उद्या तिचा गळा भरून आला तर मी गाईन. मंडळी म्हणजे हेच, आणि रमाबाईंनी ते घर बांधून, विहीर खणून, जेवणाची पंगत मांडून उभं केलं.

आणि त्यांना स्वतःलाही ते लागलंच. रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं सोपं मराठी भाषांतर. त्या वेळचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते उमगत नाही, असं त्यांना वाटे. म्हणून पन्नाशीकडे झुकताना ही संस्कृतची पंडिता हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. मूळ भाषांतून भाषांतर करायचं, ते मुक्तीच्याच छापखान्यात छापायचं आणि खिळे जुळवायचे तेही तिथल्याच बायकांनी. देवनागरीचे खिळे जुळवणं म्हणजे काय काम असतं हे आता संगणकावर बसणाऱ्यांना सांगूनही कळणार नाही. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षर, एकेक तुकडा कप्प्यातून उचलायचा आणि तोही आरशातल्यासारख्या उलट्या अक्षरांत वाचत ओळ भरायची. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या, इथे आल्यावर पहिल्यांदा अक्षर पाहिलेल्या मुली पुढे हे करत होत्या. जवळपास अठरा वर्षं हे काम चाललं.

त्या कामाच्या शेवटी शेवटी, २४ जुलै १९२१ रोजी, मिरजेच्या दवाखान्यात मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. कडेवर घेऊन पुण्यात आणलेली, विलायतेत स्वतःबरोबर बाप्तिस्मा दिलेली, आपल्यामागे मुक्ती सांभाळील म्हणून जिच्यावर भिस्त ठेवलेली एकुलती एक लेक. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हतं. त्या प्रुफांकडे परतल्या. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं असेल, याविषयी उगाच लिहिण्याची मला हिंमत होत नाही. एवढं मात्र नोंदलेलं आहे की प्रुफांचं काम संपत आलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावात वारल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. ते पाहायला आई नव्हती, लेकही नव्हती. खिळे जुळवणाऱ्या मुली होत्या.

ते बायबल मी उघडून पाहिलं. जाडजूड, कागद पिवळा पडलेला. भाषा अगदी साधी, नगरकडची माझी आजी बोलायची तशी छोट्या छोट्या वाक्यांची. एका पानावर मी ईयोबाच्या कथेतला तो सात दिवसांचा भाग शोधला आणि बोट ठेवून हळूहळू वाचला. त्या पानाचंही प्रूफ कुणीतरी वाचलं असणार, कदाचित लेक गेल्यानंतर. मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांना ते बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. शेवटाला आले तेव्हा त्या ‘आमेन’ म्हणाल्या आणि मीही म्हटलं.

आजी ‘बाईंचं आठवा’ म्हणायची त्याचा अर्थ मला आता असा लागतो, की बाईंनी सोसलं किती, ते मोजत बसायचं नाही. मुलगी गेल्यावर त्या कुठे परतल्या, ते आठवायचं. त्या ज्यांच्यासोबत राहत होत्या त्यांच्याकडेच परतल्या, आणि हातात घेतलेल्या कामाकडे. ख्रिस्ताला मानणं म्हणजे दुःखातून सुटका असा सौदा त्यांनी कधीच केला नव्हता. मलाही तो आता करायचा नाही.

कर्वेनगरातल्या शाळा-कॉलेजांच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. दरवर्षी आपण मुलींना अण्णांच्या झोपडीची गोष्ट सांगतो, तशी बायांची आणि शारदासदनाचीही सांगावी. सहल काढायचीच असेल तर एक केडगावला न्यावी, गाडीने तासा-दीड तासाचं अंतर आहे. धर्म कुठला हे तिथे कुणी विचारणार नाही. मुलींना रमाबाईंचं बायबल दाखवावं, आणि तिथल्या म्हाताऱ्या बायका तांदूळ निवडत असतील तर त्यांच्याजवळ थोडा वेळ बसू द्यावं.